पुतळाबायच्या मागोमाग आलेली पाखरं

करावे गावात त्या काळी पाऊस लागण्याआधी घरातला सगळा तांदूळ एकदा बाहेर काढायची रीत होती. तो पाखडायचा, निवडायचा, त्याला ऊन दाखवायचं आणि पुन्हा मडक्यांत भरून ठेवायचा. एकदा पाऊस धरला की बेलापूरची वाट चिखलात जाई आणि खाडीचं पाणी अडवणारा खारीचा बांध राहतो की फुटतो याचा नेम नसे. मडक्यात तांदूळ आणि शिंक्यावर सुकट असली म्हणजे बायकांचा जीव थाऱ्यावर. ज्या घरी तांदूळ जास्त आणि हात कमी, तिथून पुतळाबायला बोलावणं जाई.

हे घडलं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. मला ते माझ्या आईने, गोजराने सांगितलं. आईला जे माहीत नव्हतं ते पुतळाबायने सांगितलं, आमच्या ओटीवर बसून, पुष्कळ वर्षांनी.

पुतळाबाय ही नामाची बायको. नामा एका फाल्गुनात खाडीत जाळं टाकायला गेला. होडी सापडली, तिवरांत अडकलेली. जाळंही सापडलं. नामा सापडला नाही. गावातल्या माणसांनी चार भरत्या-ओहोट्या शोधलं, मग म्हणाले, चिखलाने घेतला. अंगाची राखही झाली नाही म्हणून दिवस घातले ते दर्भाच्या बाहुल्यावर. पुतळाबायच्या मनाने ते कधी मानलं नाही. पदरात एक मुलगी होती, सगुणा, नुकतीच वयात आलेली.

पोटासाठी ती दुसऱ्यांचं धान्य निवडू लागली. तिच्याकडे स्वतःचं सूप होतं, चाळण होती आणि एक तळवट होतं. दोन गोणपाटं एकावर एक ठेवून, कडा दुमडून, सुतळीने शिवलेलं जाडजूड अंथरूण. त्यावर तांदूळ ओतायचा, म्हणजे दाणा मातीत जात नाही. ते नामाने शिवलेलं होतं. त्याच्या हाताचे टाके लांब लांब आणि वाकडे, पण घट्ट. ती ते कुणाला हात लावू देत नसे. काम झालं की घडी घालून डोक्यावर घेई आणि घरी माळ्यावर ठेवी.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात ती बेलापूरच्या एका दुकानदाराचं गोदाम झाडायला गेली. त्याने झाडून निघालेल्या कण्यांचं एक पोतं तिला दिलं. कण्या जुन्या होत्या, वास मारत होत्या, पण दोन माणसांची पेज होणार होती. पोतं माळ्यावर ठेवलं आणि त्याच्यावर तळवटाची घडी.

काही आठवड्यांनी तिच्या खोपटात पाखरं दिसू लागली.

बोटाच्या पेराहूनही लहान. दिवसा कुडाला चिकटून बसत, पंख छपरासारखे मिटून, इतकी निश्चल की माणसाला वाटावं कुडाचा पोपडाच सुटलाय. खांद्याकडे राखाडी आणि पुढे टोकाकडे तांब्याच्या भांड्यासारखी लालसर. दिवेलागणीला उडू लागत. सरळ उडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. उजवीकडे जायचं म्हणत डावीकडे, वर जायचं म्हणत खाली. दारू प्यालेलं माणूस बांधावरून चालतं तसं.

नामा ताडी प्यायचा. बांधावरून असाच यायचा.

मेलेलं माणूस पाखरू होऊन घरी येतं, हे गावात लहान पोरालाही माहीत. पुतळाबायने पहिलं पाखरू पाहिलं तेव्हा तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. भीती वाटली, पण त्या भीतीत थोडं बरंही वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "आयलास?"

सगुणा चुलीपाशी होती. "आये, कोनाशी बोलतंस?"

"कोनाशी नाय."

पण त्या दिवसापासून तिने एकही पाखरू मारलं नाही, आणि सगुणालाही मारू दिलं नाही.

ज्येष्ठात बोलावणी सुरू झाली. पहिलं येसूबाईच्या घरचं. मग शिवाचं. शिवा नामाचा चुलतभाऊ, खाडीपार उलव्याला होडी नेणारा. मग दादूच्या घरचं. दादू गावकीतला मोठा माणूस. आणि सगळ्यात शेवटी आमच्या घरचं. माझा बाप गोटीराम तेव्हा भातशेती करून मिठागरातही राबायचा, आणि आईचं नुकतंच पहिलं बाळंतपण झालं होतं. पुतळाबाय आमच्या अंगणात तळवट अंथरून बसली, तांदूळ पाखडला, बाळाचं तोंड पाहिलं, कपाळाला काजळाचं बोट लावलं आणि गेली.

मग पाऊस लागला.

आषाढ सरता सरता येसूबाई तांदूळ काढायला गेली तर हात मडक्यात जाईना. वरचा तांदूळ एकमेकांना चिकटून त्याची साय झाली होती. ती उचलली तर दाणे बारीक धाग्यांनी लोंबत राहिले, कोळ्याच्या जाळ्यात माश्या लोंबतात तसे. त्यात पांढुरक्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या, वळवळत होत्या. येसूबाईने आयुष्यात सोंडे पाहिले होते, पोरकिडे पाहिले होते. त्यांना कोण घाबरतं? उन्हात टाकलं की पळतात. पण तांदळाला आतून कुणीतरी शिवून टाकल्यासारखं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती मडकं तसंच टाकून ओटीवर आली.

पुढे शिवाच्या घरी तेच झालं. मग दादूच्या. अळ्या जाड झाल्या की तांदूळ सोडून वर निघत. भिंतीने, खांबाने, सुकटीच्या शिंक्याच्या दोरीने, आढ्याकडे. घरातली माणसं खाली जेवायला बसलेली आणि वर छपराला एकेक अळी हळूहळू चढत असलेली. काहीजणी त्या मोजायला लागल्या आणि मग घाबरून मोजणं सोडून दिलं.

येसूबाईनेच तो क्रम लावला. विहिरीवर दोघीतिघींना म्हणाली, "आदी माज्या घरात. मग शिवाच्या. मग दादूच्या. ज्येष्ठात पुतळी कशी फिरली ते आठवा."

प्रत्येकीने मनात आठवून पाहिलं, आणि ते जुळलं.

पुतळाबाय दुसऱ्या दिवशी पाण्याला गेली तेव्हा विहिरीवरचा गलका एकदम थांबला. एकीने आपल्या लहानग्याला ओढून पदराआड घेतलं. तिने घागर भरली आणि कुणाकडे न बघता परतली. वाटेत अर्धी घागर सांडली. त्यांनी काय म्हटलं असेल ते तिला कळलं होतं. भुताळी. हा शब्द एकदा चिकटला की बाईचं काय होतं ते तिने लहानपणी माहेरी पाहिलं होतं. केस कापून गावाबाहेर हाकललेली एक म्हातारी, मिठागराच्या कडेला, भरतीच्या पाण्यात गुडघाभर उभी. तिच्या पाठीमागून दगड पडत होते आणि दगड मारणाऱ्यांत त्या म्हातारीचाच भाचा होता.

पण पुतळाबायची खरी भीती वेगळीच होती, आणि ती तिला कुणाला सांगता येत नव्हती. तिला वाटत होतं, येसूबाई म्हणते ते खरं आहे. नामाच तिच्याबरोबर घरोघर गेला. ज्यांनी त्याला नीट शोधलं नाही त्यांच्या घरात शिरला आणि त्यांचं अन्न नासवत बसला. आणि त्याला घरात ठेवून घेतलं कुणी? "आयलास" म्हणालं कुणी?

त्या संध्याकाळी पाखरं उडायला लागली तशी ती कोपऱ्यात सरकली, सगुणाला जवळ ओढलं आणि पदर दोघींच्या डोक्यावरून घेतला. सगुणा रडायला लागली. तिला काही कळत नव्हतं. आई घाबरली म्हणून ती घाबरली.

दोन दिवस पुतळाबाय जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कण्या काढायला माळ्यावर चढली तर पोत्याच्या तोंडाशी तीच पांढुरकी अळी. येसूबाईच्या मडक्यातली. तिच्या मनात आलं, पाखरू नामा असेल तर ही अळी कोण? ही खाते, ते खात नाही. ही रांगते, ते उडतं. दोघांचा काय संबंध?

तिने कंदिलाची एक जुनी काच घेतली. खालचं तोंड चिंधीने घट्ट बांधलं, आत मूठभर कण्या आणि चार जाड अळ्या टाकल्या, वरचं तोंडही बांधलं. भगताकडे पुरावा न्यावा असं तिच्या मनात होतं की नुसतं कोंडून ठेवावं असं, ते तिलाही सांगता आलं नाही. काच तिने देवाजवळ ठेवली, म्हणजे काही वाईट असलं तर देव बघून घेईल.

सकाळ-संध्याकाळ ती काचेजवळ जाई. एकटी जायचं धैर्य नसे म्हणून सगुणाचा हात धरून. एका सकाळी चारातल्या तीनच अळ्या होत्या आणि चिंधीला मोहरीएवढं भोक होतं. चौथी कापड कुरतडून गेली होती. सगळ्या गावाच्या मडक्यांची तोंडं कापडानेच तर बांधलेली होती! पुतळाबायने भोकावर दुसरी जाड चिंधी बांधली. उरलेल्या अळ्या काचेला चढून वरच्या चिंधीच्या घडीत शिरल्या, स्वतःभोवती पांढरं सूत गुंडाळलं आणि निपचित पडल्या.

"मेल्या," सगुणा म्हणाली.

"असतील."

श्रावणातली झड लागली होती. घरात कोरडं सरपण नव्हतं, बाहेर कुणी बोलत नव्हतं. मायलेकी त्या काचेकडे बघत दिवस काढत होत्या. आणि एका दुपारी सगुणा ओरडली, "आये! बग, बग!"

सुताची गुंडाळी फुटली होती. तिच्याजवळ काचेला एक ओलसर पाखरू चिकटलं होतं. खांद्याकडे राखाडी, पुढे तांबूस.

पुतळाबाय काचेशी वाकली. ज्याच्याशी ती रोज बोलली होती, ते या वळवळणाऱ्या अळीच्या पोटातून आलं होतं. नंतर आणखी एक निघालं. तिसरी गुंडाळी तशीच राहिली. दोघं काचेत फडफडली, जुळली. कण्यांना त्यांनी तोंडही लावलं नाही. आठवड्याभरात दोन्ही पाखरं मरून पडली आणि कण्यांवर धुळीचे कण असावेत तसं काहीतरी राहिलं. तेही तिने झाडलं नाही. त्या धुळीतून केसाएवढ्या बारीक अळ्या निघाल्या आणि कण्यांत नाहीशा झाल्या.

"हे भूत नाय," सगुणा म्हणाली. "हा किडा हाय, आये. नुसता किडा."

मुलीला वाटलं, आई आता हसेल. पण पुतळाबाय भिंतीला डोकं टेकून रडू लागली. बाहुल्यावर दिवस घातले तेव्हा रडली नव्हती तशी. पाखरू जर नामा नव्हता, तर नामा कुठेच नव्हता. खाली फक्त चिखल होता.

त्याच अवस्थेत तिची नजर माळ्यावरच्या तळवटाकडे गेली. तिने ते खाली ओढलं आणि उजेडात आणून दुमडलेली कड उलगडून पाहिली. टाक्यांच्या आत, घडीत, दाण्याला दाणा लागावा तशा सुताच्या गुंडाळ्या बसल्या होत्या. काही रिकाम्या. काही भरलेल्या. पुष्कळ भरलेल्या. ज्येष्ठात हेच तळवट तिने येसूबाईच्या अंगणात अंथरलं होतं. मग शिवाच्या, मग दादूच्या, मग गोजराच्या. त्यावर तांदूळ ओतला होता, मग तोच तांदूळ मडक्यांत भरला होता.

म्हणजे येसूबाईचं बोलणं खरं होतं. हे तिनेच आणलं होतं. भुताळी नसूनही आणलं होतं, आणि हे गावाला कसं सांगणार?

इकडे आमच्या घरी त्याच सुमारास बाळाला ताप चढला. माझा थोरला भाऊ रामचंद्र तो. छाती घरघरत होती, दूध ओढत नव्हता. बेलापूरच्या डॉक्टरने बाटलीत औषध दिलं होतं. आई पाळण्याजवळून हलत नव्हती. आणि आई सांगायची, एका दुपारी ती नुसती बघत बसली होती, तेवढ्यात आढ्यावरून काहीतरी खाली पडलं, बाळाच्या गळ्यावर. तपकिरी डोक्याची पांढरी अळी. आईने वर पाहिलं. छपराच्या वाशांवर तशाच कितीतरी होत्या.

तिची किंकाळी शेजारपाजारच्या घरांत ऐकू गेली.

दादू आला, येसूबाई आली. दादूने वर बघितलं, पाळण्याकडे बघितलं आणि माझ्या बापाला बाहेर नेलं. "गोटीराम, आता गप बसून चालनार नाय. पलीकडच्या भगताला सांगावा धाडलाय. उद्या दुपारच्या भरतीला येल. तो तांदूळ बगंल आनि नाव सांगंल. पुतळीला देवळाजवळ आनायची जबाबदारी तुजी."

बाप तसा मऊ माणूस. पण मूल पाळण्यात घरघरत होतं. तो पुतळाबायच्या दारात गेला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "वैनी, उद्या देवळाजवळ यायचं. नाय आलीस तर न्यायला येतील." आणि तिच्या तोंडाकडे न बघता निघून गेला.

सकाळी पुतळाबायने सगुणाला उठवलं, लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि दोघी खाडीवर गेल्या. उलव्याला तिचा भाऊ होता. पाणी चढत होतं. शिवा होडीत बसून पाणी उपसत होता.

"शिवा, आमाला पलीकडं सोड."

शिवाने त्यांच्याकडे पाहिलं आणि उपसणं थांबवलं.

"मना नको सांगूस, वैनी."

"तुज्या भावाची पोर हाय ही. मना नको नेऊस. हिला तरी ने."

शिवा वाईट माणूस नव्हता. नामाला शोधायला सगळ्यांत जास्त पाण्यात तोच उतरला होता. पण त्याच्याही घरात अळ्या भिंतीवर चढत होत्या आणि त्याचीही दोन पोरं होती. "तुमी होडीत बसल्यात आनि ते होडीत आलं तर? मी रोज पान्यात जातो, वैनी. पान्यात मना कोन वाचवनार?"

त्याने दोर सोडला आणि होडी आत ढकलली. तशीच, रिकामी.

पुतळाबाय काठावर उभी राहिली. खाडीपलीकडून एक दुसरी होडी निघालेली दिसत होती. तिच्यात तांबडं मुंडासं बांधलेला माणूस बसला होता. ती मला सांगायची, "त्या येळला मना वाटलं, सरळ पान्यात चालत जावं. नामा गेला तशी. पन सगुणाचा हात माज्या हातात व्हता आनि ती इतकी घट धरून व्हती की सोडवता येना."

ती मागे फिरली. घरी आली, माळ्यावरून तळवट ओढलं, सूप, चाळण आणि विळा घेतला आणि सगुणाला घेऊन तडक आमच्या दारात आली.

आईने तिला अंगणात पाहिलं आणि कोयता उचलला. "पुढं येऊ नको! पुतळाबाय, एक पाय पुढं टाकलास तर मी काय करीन मनाच ठाव नाय!"

"नाय येत," पुतळाबाय म्हणाली. "मी हितंच बसते. तू फकस्त बग. मग काय करायचं ते कर."

तिने तळवट जमिनीवर टाकलं आणि विळ्याने नामाचे टाके उसवायला सुरुवात केली. एकेक लांब टाका. कड उलगडली तशी आतून गुंडाळ्या बाहेर पडल्या. अळ्या निघाल्या, कोवळ्या, जाड, उजेड लागताच सैरभैर वळवळणाऱ्या. दोनतीन पाखरंही उठली आणि वेडीवाकडी उडाली. आई दाराला टेकून उभी होती. कोयता खाली आला नव्हता.

"तुज्या घरात हेच हाय," पुतळाबाय म्हणाली. "येसूबाईच्या घरात हेच. मी आनलं. मंतर टाकून नाय, गोजरे. या शिवनीत बसून आयलं. माज्या डोक्यावरून आयलं. मना ठाव नव्हतं. तुज्या बाळाच्या गळ्याची आन."

आईचा विश्वास बसला नाही. त्या क्षणी कुणाचा बसला असता? पण तेवढ्यात आमच्या कोंबड्या आल्या. शेणखईवर उकरत होत्या त्या सगळ्या वळवळ पाहून पंख पसरत धावल्या आणि तळवटावर तुटून पडल्या.

"हाकल त्यांना!" आई ओरडली. "मरतील!"

पुतळाबायने हाकललं नाही. कोंबड्यांनी अळ्या टिपल्या, गुंडाळ्या फोडून आतलं ओढून काढलं, पाखराच्या मागे उड्या मारल्या. एक तलंग कोंबडी तर उसवलेल्या कडेत डोकं खुपसून आत शिरली. दोघी बायका बघत उभ्या होत्या. कोंबड्या मेल्या नाहीत. खाऊन झाल्यावर चोची मातीला पुसल्या आणि आणखी आहे का म्हणून पुतळाबायच्या पायांशी घोटाळू लागल्या.

आई म्हणायची, तेव्हा तिच्या हातातला कोयता कधी खाली गेला ते तिला कळलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "आनि वर छपरात हायत त्या?"

"झाडून काडू. पानी उकळत ठेव."

भगत देवळाजवळ आला, तांदूळ मांडून बसला, माणसं जमली, आणि पुतळाबायला आणायला दादू आमच्याच घरावरून निघाला. पाहतो तर अंगणात चूल पेटलेली, मोठ्या हंड्यात सूप, चाळण आणि तळवट उकळत असलेलं, माझी आई पाळणा पडवीत आणून आतल्या वाशांवर खराटा फिरवत असलेली आणि पुतळाबाय खाली पडलेलं टोपलीत भरून कोंबड्यांना घालत असलेली. माझा बाप तोंड उघडं टाकून उभा.

"गोटीराम, तिला चल म्हन."

बाप आईकडे बघायला लागला. आई खराटा घेऊनच दारात आली. तोवर ती दादूसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. "ती कुटं जानार नाय. भगताला हितं घेऊन या. भूत कोंबड्यांच्या पोटात हाय, त्याला म्हनावं तिथून काड."

आईला ते बोलताना हसू आलं नव्हतं. तिचा आवाज फाटला होता. दादूने हंड्यात वाकून बघितलं. मेलेल्या अळ्यांची साय पाण्यावर तरंगत होती. मग तो देवळाकडे गेला. भगताने काय ऐकलं, काय समजला, कोण जाणे. त्याने नारळ फोडला, हंड्यातलं पाणी खाडीत ओतायला सांगितलं आणि बाधा आपण उतरवली असं सांगून संध्याकाळच्या ओहोटीला परत गेला.

पुतळाबाय भगताच्या तावडीतून सुटली, पण त्या शब्दातून पुरती सुटली नाही. रामचंद्राचा ताप पुढच्या आठवड्यात उतरला. छाती मोकळी झाली, तो दूध पिऊ लागला. आईला वाटलं औषधाने. येसूबाई म्हणाली, "बगा. तिनं आपलं आपन काडून घेतलं म्हनून पोर वाचलं." पुष्कळांना तेच पटलं. अळ्या उकळल्या, मडकी आगीवर शेकली, तांदूळ उन्हात घालून पुन्हा भरला, मग पाखरं कमी झाली, आणि त्याचाही अर्थ लोकांनी तसाच लावला. काही घरांनी तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. शिवाने एकदा वाटेत थांबून सगुणाच्या हातात खाडीतले दोन मोठे निवटे मासे ठेवले आणि निघून गेला. तो आयुष्यभर पुतळाबायला होडीत बसवताना अवघडत असे, पण बसवत असे.

आमच्या घरी मात्र ती येत राहिली. आणि मी कळत्या वयाची झाले तेव्हा मला तिची एक गोष्ट विचित्र वाटायची. धान्य निवडायला येताना ती काहीच घेऊन येत नसे. रिकाम्या हाताने अंगणात उभी राही आणि म्हणे, "तुमचं सूप द्या. तुमचं अंथरून द्या." बाहेरच्यांना वाटे, घरच्यांनीच तिला तसं बजावलंय. खरं तर ती अट तिनेच घातली होती. काम संपलं की ती लुगड्याचे काठ झाडी, निऱ्या झाडी, केससुद्धा झाडी, आणि मगच निघे.

सगुणाचं लग्न साठ साली कोपरखैरण्याला झालं. लग्नाचा तांदूळ आमच्या घरात ठेवला होता, आणि हळदीच्या आदल्या दिवशी पुतळाबाय चार वेळा येऊन मडक्याचं झाकण उघडून बघून गेली. दरवेळी दाणे हातात घेऊन उजेडाकडे धरी. चौथ्या वेळेला आईने तिचा हात धरून खाली बसवलं आणि चहा दिला.

मग सहासष्ट-सदुसष्टच्या दुष्काळात रेशनवर तो तांबडा मिलो, परदेशी ज्वारी, येऊ लागला. लांबून कुठून तरी आलेला, गोदामांत महिनोन् महिने पडून राहिलेला. बेलापूरच्या दुकानात पोती उघडली की पाखरांचा लोटच उठे. बायका हसत, शिव्या देत, हाताने हाकलत आणि पिशव्या भरून घेत. आईबरोबर पुतळाबायही रांगेत होती. पहिलं पोतं फुटलं आणि पाखरं उडाली तशी ती मागे मागे सरकू लागली, पाठ भिंतीला लागेपर्यंत. तिचे डोळे पाखरांवर नव्हते. ती रांगेतल्या बायकांच्या तोंडांकडे बघत होती, एकेकीच्या, कोण वळून आपल्याकडे बघतंय का ते.

कुणी बघितलं नाही. सगळ्यांना धान्याची घाई होती.

आईने आपली जागा सोडली, भिंतीपाशी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली. रांग पुढे जाऊ दिली. दोघींचा नंबर त्या दिवशी सगळ्यांत शेवटी लागला.